साक्षीदार फडकं

आत्याबाईंच्या घरात वर्षाचा मोठा सण आला की दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. दारात फटाक्यांची लांबच लांब माळ लागायची, आणि घरधन्यांना सर्दी व्हायची.

"तुमच्या सर्दीला कॅलेंडर वाचता येतं वाटतं," आत्याबाई म्हणायच्या. "वर्षभर कुठे तोंड काळं करते कोण जाणे. सणाचे दोन दिवस आले की बरोब्बर दारात हजर!"

घरधनी काही बोलायचे नाहीत. बोलण्याचं काम त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोवर सोपवलं होतं. खोकला आला की ते तोंडावर रुमाल धरायचे आणि इस्त्रीच्या टेबलाकडे वळायचे.

घर धुलाईवाल्यांचं. खाली दुकान, मागे दोऱ्या बांधलेलं धुण्याचं अंगण, वर राहायच्या तीन खोल्या. दोन मोठी मशीनं येऊन बरीच वर्षं झाली होती, सूनबाई ती झकास चालवायची, पण कपडा मशीनमध्ये जायच्या आधी आत्याबाईंच्या हाताखालून गेलाच पाहिजे. अख्खी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले शिंपीमामासुद्धा म्हणायचे. त्या तोंडाला तोंड देण्यापेक्षा नातं जोडलेलं बरं, एवढी अक्कल गल्लीला होती.

शाळेत आत्याबाई दुसरीपर्यंत गेल्या होत्या. पण डाग वाचावा तर त्यांनीच. कपडा उजेडात धरायच्या, बोटाने चोळायच्या, नाकाशी न्यायच्या, की झाला निकाल. "हा चहा नाही, औषध आहे." "हा घाम नाही, कुणीतरी रडलंय या बाहीत." एका साहेबांनी तर त्यांच्याकडे कपडे टाकायचेच बंद केले. का, ते साहेबांच्या बायकोला विचारा.

धुणं वाळत घालायच्या आधीची त्यांची एक रीत होती. एक ओलं पांढरं फडकं तासभर दोरीवर लावायचं. मग काढून बोटाने पुसून बघायचं. फडकं स्वच्छ निघालं तर चादरी बाहेर, त्यावर कणभर जरी काळं दिसलं तर सगळं धुणं आत. सासूबाईंनी शिकवलेली रीत. त्या या फडक्याला साक्षीदार म्हणायच्या. "माणूस खोटं बोलेल गं, फडकं नाही बोलायचं," असं त्यांचं म्हणणं.

या साक्षीदाराच्या जोरावर आत्याबाईंनी समोरच्या बेकरीवाल्याशी वीस वर्षं भांडण चालवलं होतं. बेकरीचं धुरांडं नेमकं त्यांच्या अंगणाकडे तोंड करून. सकाळी भट्टी पेटली की फडक्यावर काजळी. आत्याबाई ते फडकं झेंड्यासारखं नाचवत गल्लीत उभ्या राहायच्या. "अहो धुरांडे! तुमचे पाव फुगावेत म्हणून आमच्या चादरी काळ्या का? हवा काय तुमच्या घरची आहे?" बेकरीवाल्यांचं खरं नाव गल्ली विसरून गेली, इतकं हे 'धुरांडे' त्यांना चिकटलं. शेवटी बिचाऱ्यांनी धुरांडं दहा हात उंच केलं, आणि पाच वर्षांपूर्वी लाकडं सोडून गॅसची भट्टी बसवली. तरी आत्याबाईंचा संशय गेला नव्हता तो नव्हताच.

आणि माळ! ती तर घराची शान. दुकान उघडलं त्या वर्षी सासऱ्यांनी दारात पहिली माळ लावली होती, वीतभर. सणाच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला. पुढे ती वाढत गेली. आता ती धुलाईच्या पायरीपासून थेट बेकरीच्या पाटीपर्यंत पोचायची. पहिल्या दिवशी जो तो आपापले फटाके उडवायचा, पण दुसऱ्या संध्याकाळी आत्याबाईंची माळ लागल्याशिवाय गल्लीत दुसऱ्या कुणी काडी ओढायची नाही, असा अलिखित कायदा होता. माळ संपली की सगळी गल्ली मिळून जे सुरू करायची, त्यात शेजारचा माणूस दिसायचा नाही.

यंदा माळ पेटवायचा मान नातीला मिळणार होता. आठ वर्षांची ती चिमणी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटली होती, "आजीने मला शब्द दिलाय."

सणाचे दोन्ही दिवस धुलाई बंद असायची. धुणं नाही, म्हणून फडकंही नाही. इतक्या वर्षांत सणाच्या दिवशी साक्षीदार दोरीवर चढलाच नव्हता.

यंदा चढला, कारण पहिल्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला.

"आत्याबाई, हात जोडते, साठ चादरी धुऊन द्या," मोठ्या सिस्टर बोलत होत्या. "आमच्या धुलाईतली माणसं रजेवर गेलीत आणि वॉर्ड भरलाय."

"सणासुदीला एवढं कोण आजारी पडलं?"

"श्वासाचे पेशंट. दर सणाला येतात. आज संध्याकाळनंतर आणखी येतील."

"लोकांना आजारी पडायलाही सणच सापडतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि तिरक्या नजरेने घरधन्यांकडे बघितलं. त्यांनी रुमालाची घडी बदलली. "पाठवा. उद्या दुपारी तीनला गाडी पाठवा. आमच्या हातची चादर म्हणजे पेशंट उठून बसेल!"

साठ चादरी दुपारपर्यंत धुऊन झाल्या. सूनबाईने विचारलं, "आई, साक्षीदार लावू ना?"

"लाव. सण आहे म्हणून रीत सोडायची का?"

तीन वाजता फडकं पांढरंशुभ्र निघालं. चादरी दोऱ्यांवर चढल्या, आणि दोरीच्या टोकाला फडकंही तसंच राहिलं. थंडीचे दिवस, ऊन पिचकं. पाच वाजले तरी जाड चादरी दमटच. पाहुणे यायला लागले. सूनबाई म्हणाली, "आत घेऊ या का? संध्याकाळी फटाके..."

"राहू देत गं. फडकं स्वच्छ होतं ना? मग हवा स्वच्छ. सकाळी काढू."

एवढंच चुकलं. दुपारच्या साक्षीवर त्यांनी संध्याकाळचा निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईची हाक आली, "आई! लवकर या!"

अंगणात साठ चादरी लोंबत होत्या आणि त्यांतली एकही पांढरी नव्हती. कुणीतरी भिजलेल्या राखेतून ओढून काढाव्यात तशा. दोरीच्या टोकाचा साक्षीदार तर काळाठिक्कर. आत्याबाईंनी त्यावर बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"धुरांडे!" असा आवाज निघाला की वरच्या खिडकीतलं कबूतर उडालं. "सणाच्या दिवशीसुद्धा सोडलं नाही मेल्याने!"

"आई, पण त्यांची बेकरी..." सूनबाई म्हणेपर्यंत आत्याबाई एक चादर खांद्यावर टाकून गल्ली ओलांडत होत्या.

बेकरीवाले पायरीवर बसून दात घासत होते. आत्याबाईंना पाहून त्यांनी शांतपणे चूळ भरली. वीस वर्षांची सवय.

"बघा! डोळे फुटले नसतील तर बघा! दवाखान्याच्या चादरी आहेत या. आजारी माणसांच्या अंगाखाली घालायच्या. थोडी तरी लाज?"

"आत्याबाई, आत या."

"मी कशाला येऊ तुमच्या काळ्या बेकरीत?"

"या तर खरं. शिव्या काय, आतही देता येतील."

वीस वर्षांत त्या बेकरीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. फरशी लख्ख धुतलेली. ओट्यावर रिकामे ट्रे पालथे घातलेले. बेकरीवाल्यांनी भट्टीचं लोखंडी दार उघडलं आणि म्हणाले, "घाला हात."

"म्हणजे?"

"हात घाला आत. भाजणार नाही."

आत्याबाईंनी हात घातला. आत भट्टी गार! पाण्याच्या हंड्यासारखी गार!

"काल सकाळी पहिला घाणा काढला आणि बंद केली," बेकरीवाले म्हणाले. "सणाला मीही माणूसच आहे. काल दुपारपासून या धुरांड्यातून चिमणीच्या पिसाएवढाही धूर गेलेला नाही. आता तुमची चादर वाचा बघू. सगळ्या गावाचे डाग वाचता, हा का वाचत नाही?"

आत्याबाईंनी चादर खिडकीच्या उजेडात धरली. हात सवयीने चालू लागले. बोटाने चोळलं. लाकडाची काजळी तेलकट असते, पसरते. ही कोरडी होती, चुरचुरीत. नाकाशी नेली. पाव नाही, लाकूड नाही. नाकात सुईसारखं काहीतरी टोचलं. गंधक! आणि चादरीच्या दुमडीत अडकलेला एक लाल कागदाचा तुकडा, कडा जळलेल्या. फटाक्याचं वेष्टण.

तोंडाचा पट्टा जागच्या जागी थांबला. पण आत्याबाई त्या, अशा कशा हरतील? "असेल कुणाचा तरी. मागच्या गल्लीतली पोरं मेली..."

"धुराला आडनाव असतं का आत्याबाई? हा तुमचा, हा माझा, हा मागच्या गल्लीचा? मला मात्र तुम्ही आडनाव दिलंत." बेकरीवाले हसले, पण लगेच गंभीर झाले. "रागावू नका. वीस वर्षं तुम्ही दारात उभ्या राहून ओरडलात, हवा काय तुमच्या घरची आहे? मला राग यायचा. पण घरी गेलो की वाटायचं, बाई म्हणते ते खोटं नाही. म्हणून धुरांडं वाढवलं, म्हणून गॅस घेतला. मला शहाणं केलंत तुम्ही. आता तुम्हांला कोण सांगणार? गल्लीत कुणाची छाती आहे?"

"माळ आमच्या घरची रीत आहे," आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "सासऱ्यांनी सुरू केलेली. वर्षातून एक दिवस."

"एक दिवस. बरं. तुमचे घरधनी सणाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे असतात?"

"मित्राकडे जातात."

"कुठल्या मित्राकडे?"

हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

बेकरीवाल्यांनी भट्टीशेजारचं एक जाड दार उघडलं. आत छोटी, बिनखिडकीची खोली. पीठ मळून फुगायला ठेवायची. दाराला रबराच्या पट्ट्या, वारा शिरू नये म्हणून. ट्रेच्या मांडणीपुढे एक स्टूल होतं. स्टुलावर नीट घडी घातलेला एक रुमाल. घडी इतकी नेटकी की ती कुणाच्या हातची हे आत्याबाईंनी शंभर पावलांवरूनही ओळखलं असतं.

"सात वर्षं झाली," बेकरीवाले म्हणाले. "तुमची माळ लागायच्या आधी मागच्या दाराने येतात. ओला रुमाल नाकावर धरून इथे दोन तास बसतात. मी बाहेर बसतो, अधूनमधून हाक मारतो, ओ देतात की नाही बघायला. गेल्या वर्षी एकदा दिली नव्हती ओ. ओठ निळे झाले होते. तुम्ही बाहेर टाळ्या वाजवत होतात, आत्याबाई."

आत्याबाईंनी ट्रेच्या मांडणीला हात टेकला.

घरी आल्या त्या दुकानातून सरळ मळक्या कपड्यांच्या टोपलीकडे गेल्या. घरधन्यांच्या उशीचा अभ्रा काढला. मधोमध, नाक जिथे टेकतं तिथे, करडा डाग. हा डाग त्या वर्षानुवर्षं धूत आल्या होत्या. दर सणानंतर गडद व्हायचा. कोळशाच्या इस्त्रीचा, असं म्हणून त्यांनी तो वाचायचाच सोडला होता. आणि कोळशाची इस्त्री जाऊन बारा वर्षं झाली होती! जगाचे डाग वाचणारी बाई, आणि स्वतःच्या उशीजवळ निरक्षर!

घरधनी इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते.

"अहो. टेबलाच्या खणात काय आहे?"

"खळ आहे. बटणं."

"उघडा."

खळीच्या पुड्यामागून श्वासाच्या औषधाचा पंप निघाला, त्याच्याखाली दवाखान्याचा कागद.

"हा कागद काय म्हणतो? मला वाचता येत नाही हे बरंच आहे तुम्हांला."

घरधन्यांनी रुमाल तोंडाशी नेला, मग खाली घेतला. "फुप्फुसं निम्मी राहिलीत म्हणतो. धुरात थांबायचं नाही म्हणतो. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षीसारखा आणखी एक सण झाला, तर..."

"आणि मला सांगितलं नाहीत! त्या धुरांड्याला सांगितलंत, मला नाही!"

"अगं, तुझा जीव त्या माळेत. वर्षभर तू वाट बघतेस. तोंड कसं उघडायचं?"

"माझा जीव? अहो, मी तुमच्या वडिलांची रीत म्हणून लावते ती! मला कान दुखतात तिने! लग्न करून आले तेव्हा पहिल्या वर्षी घाबरून पलंगाखाली बसले होते, विसरलात?"

मग घरधन्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो खोकला लवकर थांबेना. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठीतून येणारी ती शिट्टी त्यांच्या तळहाताला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचा श्वास हाताने वाचला.

पण रडत बसायला वेळ कुठे होता? साठ चादरी, आणि तीन वाजता गाडी!

मशीनं पुन्हा लागली. गरम पाण्यात दोनदा फिरवल्यावर चादरी निघाल्या. प्रश्न वाळवायचा. आभाळ अजून धुरकट, बाहेर घालायची सोय नाही. तेवढ्यात दारात बेकरीवाले. "भट्टी मंद लावतो. आत दोऱ्या बांधा. गॅस आहे, धूर नाही, घाबरू नका."

"मी कुणाला घाबरते?" आत्याबाई म्हणाल्या. पण चादरींचं पहिलं टोपलं त्यांनी स्वतः उचलून नेलं.

साठातल्या एकोणसाठच चादरी धुतल्या होत्या. एक त्यांनी काळी तशीच बाजूला ठेवली, आणि तिच्या जागी कपाटातली आपली कोरी चादर घातली. दवाखान्याच्या गाडीवाल्याने गठ्ठा हुंगून विचारलं, "आज चादरींना ताज्या पावाचा वास कसा?" आत्याबाई म्हणाल्या, "मोठ्या सिस्टरना सांग, पेशंटना भूक लागेल. बरं होण्याचं लक्षण आहे."

मग एकच काम राहिलं होतं, आणि ते साठ चादरींपेक्षा जड होतं. नात जिन्यात नवा फ्रॉक घालून बसली होती.

"चिमणे, माळ लावायची नाही."

"शब्द दिलास तू!"

"दिला होता. मोडतेय. आजी चुकली."

आजी चुकली हे त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पोरीला त्याने रडूच फुटलं. आत्याबाईंनी तिला समजावलं नाही. आजोबांपाशी नेलं आणि तिचा कान त्यांच्या पाठीला लावला. "ऐक."

पोर ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजोबांच्या आत शिट्टी वाजतेय."

"फटाक्यांनी वाजते ती."

पोरीने डोळे पुसले. मग खालच्या आवाजात विचारलं, "मग माळेचं काय करायचं?"

तिन्हीसांजेला गल्ली जमली. खिडक्यांत माणसं, पायऱ्यांवर माणसं. प्रत्येकाच्या दारात आपापली खोकी तयार. धुलाईपुढे मात्र माळ नव्हती. आत्याबाईंच्या सज्ज्यापासून बेकरीच्या पाटीपर्यंत दोरी ताणून तिच्यावर ती एक काळी चादर बांधली होती.

"आत्याबाई, माळ कुठाय?" शिंपीमामा ओरडले. "भिजली की काय?"

"भिजवलीय! टबात घातलीय! चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले, आज माळ धुतली!"

लोक हसले, मग एकमेकांकडे बघू लागले.

"आधी एका माणसाची माफी मागायची आहे मला," आत्याबाई म्हणाल्या. "नीट ऐकून घ्या, परत ऐकायला मिळणार नाही. बेकरीवाले, वीस वर्षं मी तुम्हांला धुरांडे म्हटलं. खरं धुरांडं माझ्या दारात होतं." बेकरीवाल्यांनी खाली मान घातली. एवढं ऐकायची त्यांनाही सवय नव्हती. "आणि ही चादर. काल दुपारी पांढरी होती. काल संध्याकाळी कुणी काय लावलं ते आठवा, आणि मग बघा हिच्याकडे. ही चादर तासाला एकदासुद्धा श्वास घेत नाही. तुम्ही आम्ही मिनिटाला पंधरा वेळा घेतो. हे सगळं आत जातंय! चादर मी धुऊन देईन. गरम पाणी, साबण, दोनदा फिरवली की झाली. पण फुप्फुसं कुठल्या टबात धुणार? एकाने तरी मला तो टब आणून द्या!"

"सण आहे आत्याबाई," कुणीतरी म्हणालं. "आवाज नाही, उजेड नाही, मग सण कसला?"

"आवाज हवाय? चिमणे!"

नात दुकानातून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत धुणं बडवायची जुनी लाकडी थापी होती, आणि सूनबाईने तिच्यापुढे पणजीच्या वेळचा तांब्याचा मोठा हंडा पालथा घातला. पोरीने जीव खाऊन पहिला ठोका मारला. काय आवाज निघाला! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दुसरा, तिसरा. समोरून बेकरीवाल्यांनी दोन रिकामे ट्रे एकमेकांवर आपटले. एक एक करत पातेली निघाली, डबे निघाले. शिंपीमामांनी लोखंडी गजाने लोखंडी पट्टी वाजवली.

सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. कोपऱ्यावरच्या घराने चारपाच बाण सोडलेच. मागच्या गल्लीत तर नेहमीसारखाच धडाका चालू होता. काही जण "म्हातारीचं खूळ" म्हणून घरात गेले. पण बरीचशी खोकी त्या संध्याकाळी उघडलीच नाहीत.

आणि कितीतरी वर्षांनी घरधनी सणाच्या संध्याकाळी आपल्या दारात खुर्ची टाकून बसले. नाकावर ओला रुमाल होता, पण बसले. बेकरीवाले शेजारी येऊन बसले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता मागच्या दाराने भेटायचं कारण उरलं नाही तुम्हां दोघांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने आदल्या संध्याकाळी नवा लावलेला साक्षीदार दोरीवरून काढला आणि धावत आली. "आजी, अजून मळकाच आहे!"

आत्याबाईंनी फडकं उजेडात धरलं, बोट फिरवलं. "मळका आहे. पण कालच्यासारखा काळा नाही. हा मागच्या गल्लीचा धूर. आता तिकडे जाऊ."

आणि त्या खरंच गेल्या. वर्षभर गेल्या. नातीच्या हातात पांढऱ्या फडक्यांचा गठ्ठा, आणि आत्याबाईंसोबत त्यांचं ते तोंड. कुणाला उपदेश केला नाही, फक्त म्हणायच्या, "हे सणाच्या आदल्या दिवशी भिजवून दारात लाव, सणानंतर काढून बघ, आणि मग मला काय ते बोल." पुढच्या सणाला तीन गल्ल्यांच्या दारोदारी पांढरी फडकी लोंबत होती. सकाळी ती काढली तेव्हा काही करडी निघाली, काही फिकट, आणि धुलाईच्या दारातलं जवळजवळ पांढरं. दवाखान्यातून त्या सणाला चादरींसाठी फोन आला नाही. घरधन्यांचा खोकला काही गेला नाही, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण त्या सणाला त्यांना सर्दी झाली नाही!

तेव्हा वाचकहो, आपला आनंद शेजाऱ्याच्या छातीत काटा होऊन बसत असेल, तर त्याला सण म्हणू नये. दुसऱ्याच्या धुरांड्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या भट्टीत हात घालून बघावा. आणि माझं खोटं वाटत असेल, तर येत्या सणाला एक ओलं पांढरं फडकं तुमच्याही दारात लावा. सकाळी ते उजेडात धरा. तुम्हांला वाचता येतं की नाही, याची फडक्याला पर्वा नाही. ते बोलेल.